मिठाला जागणं

"काकू, थोडा झटका बसेल हं," असं म्हणत त्या मुलीने दोन बोथट टोकांचं हत्यार माझ्या मनगटावर टेकवलं आणि बटण दाबलं. अंगठा उडाला. मी उडवला नव्हता. माझ्याच हाताचा अंगठा, माझ्याच डोळ्यांदेखत, मला न विचारता तळहाताकडे झेपावला आणि पुन्हा गप्प पडून राहिला. पुढच्या झटक्यालाही तेच. पाच-सहा वेळा असं झाल्यावर मला हसू आलं. मुलीने विचारलं, "दुखतंय का?" म्हटलं, "नाही गं, बेडूक आठवला."

गेले चार महिने रात्री अडीच-तीनच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन मला जाग येत होती. उठायचं, हात झटकायचा, पलंगाखाली लोंबता सोडायचा, मग कुठे झोप. "मनगटात नस दबली असणार," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी नसेचा वेग मोजायला पाठवलं. नसेला वेग असतो आणि तो असा टेबलावर झोपवून मोजतात, हे मला नवीन होतं. 'मुंग्या येणं' हा आपला शब्दप्रयोग मात्र तिथे पडल्या पडल्या फार चोख वाटला. अंगावर काहीच चालत नसतं; दबलेली नस बाहेरून निरोप आलेला नसतानाही आतल्या आत निरोप धाडत बसते, आणि मेंदू बिचारा त्या खोट्या तारा वाचून उठून बसतो.

बेडूक आठवला तो बारावीतला. तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज, मेणाचे ट्रे, क्लोरोफॉर्मचा गोडसर वास. बेडूक पकडून आणायचं काम प्रयोगशाळेतल्या मामांचं. त्यांना सगळेच मामा म्हणायचे, सरसुद्धा. एकदा तास संपल्यावर मामांनी कातडी सोललेली एक ताजी तंगडी बशीत ठेवली, आपल्या जेवणाच्या डब्यातली मिठाची पुडी सोडली आणि चिमूटभर मीठ तिच्यावर भुरभुरलं. तंगडी थरथरली. मग आवळली. धडापासून वेगळी झालेली तंगडी! माझी मैत्रीण किंचाळत व्हरांड्यात पळाली. मी थांबले आणि विचारलं, "मामा, असं का होतं?" मामा पुडी बांधत म्हणाले, "मिठाला जागतंय ते." सरांना विचारलं तर ते म्हणाले, हे परीक्षेला नाही.

शरीरशास्त्राच्या इतिहासातली पुष्कळ मोठी माणसं ज्या उत्तरापाशी पोचली नाहीत, तिथे मामा थट्टेथट्टेत पोचले होते. हे कळायला मला पस्तीस वर्षं आणि एक दबलेली नस लागली.

गोष्ट सुरू होते इटलीतल्या बोलोन्यात. लुइजी गॅल्व्हानी हा तिथला शरीररचनेचा प्राध्यापक. तो बेडूक वापरायचा तो अर्धाच: मागच्या दोन तंगड्या, कण्याचा तुकडा आणि त्यांना जोडणाऱ्या उघड्या नसा. १७८० नंतरच्या एका दिवशी मदतनिसाच्या चाकूचं टोक नसेला लागलं, त्याच क्षणी खोलीतल्या विद्युतयंत्रातून ठिणगी उडाली आणि तंगडी झाडली गेली. बायको लुचिया आजारी होती, तिच्यासाठी बेडकांचं सूप चाललं होतं आणि त्यातून शोध लागला, अशी एक गोष्ट सांगतात. ती फार गोड आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो. लुचिया ही प्राध्यापकाची मुलगी, नवऱ्याच्या कामात तिचा हात होता. तिला सूप पिणारी बाई करून टाकणं मला आवडत नाही. शोध छापून आला १७९१ साली. ती त्याआधीच गेली होती.

ठिणगीचं पुढे फार काही नव्हतं. खरी गंमत १७८६ सालची. आकाशातल्या विजेने तंगड्या उडतात का, हे बघायला गॅल्व्हानीने पितळेच्या आकड्यांना अडकवून त्या घराच्या लोखंडी कठड्यावर टांगल्या. आभाळ निरभ्र. काही होईना. कंटाळून त्याने आकडे कठड्यावर दाबले, तर तंगड्या उडू लागल्या! ढग नाही, यंत्र नाही. मग वीज कुठली? गॅल्व्हानी म्हणाला, बेडकाची. प्राण्याच्या अंगात स्वतःची वीज साठलेली असते, धातू तिला फक्त वाट करून देतो.

पाव्हियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने आधी या शोधाची तोंडभरून स्तुती केली आणि वर्षभरात पलटी खाल्ली. त्याचं म्हणणं, आकडा पितळेचा, कठडा लोखंडाचा. दोन वेगळे धातू ओल्या वस्तूला लागले की वीज तयार होते. बेडूक फक्त ती झाली हे पाय उडवून सांगतो. म्हणजे एका बाजूला बेडूक स्वतः वीज, दुसऱ्या बाजूला बेडूक नुसता साक्षीदार. गॅल्व्हानीने यावर जे केलं ते मला त्या मूळ शोधापेक्षाही मोठं वाटतं. त्याने धातूच काढून टाकला. एका तंगडीची नस दुसरीच्या नसेवर अलगद सोडली, आणि मध्ये कसलाही धातू नसताना स्नायू आवळले. १७९७ सालचा हा प्रयोग. न्यायाची चाड असती तर खटला तिथेच निकालात निघायला हवा होता.

पण १८०० साली व्होल्टाने आपली बॅटरी जगापुढे ठेवली. चांदीची चकती, जस्ताची चकती, मध्ये ओला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त. सतत वाहणारी वीज माणसाच्या हाती पहिल्यांदाच आली. जग तिकडे धावलं. कोण बरोबर यापेक्षा कोणाचं यंत्र चालतं हे लोकांना लवकर कळतं. गॅल्व्हानीला हे बघावं लागलं नाही. नेपोलियनच्या नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून त्याची नोकरी गेली होती, आणि १७९८ च्या डिसेंबरात तो वारला. चार वर्षांनी त्याच्या भाच्याने, आल्दिनीने, लंडनमध्ये फाशी गेलेल्या एका माणसाच्या चेहऱ्याला आणि हातापायांना वीज लावून ते हलवून दाखवले. त्या खेळाने मामाचं नाव फार झालं, काम मात्र पुढे सरकलं नाही.

व्होल्टाच्या त्या पुठ्ठ्याकडे मी परत परत जाते. तो भिजवलेला असायचा मिठाच्या पाण्यात. आणि गॅल्व्हानीच्या बेडकात काय होतं? तेच. आतबाहेर खारं पाणी. धातू की बेडूक म्हणून दोघे हमरीतुमरीवर आले होते तेव्हा मीठ दोघांच्याही टेबलावर होतं आणि त्याला कोणी काही विचारत नव्हतं. आपल्या यंत्राला व्होल्टाने 'कृत्रिम विद्युत-इंद्रिय' म्हटलं, कारण ते त्याला झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशासारखं वाटलं. प्राण्यातली वीज नाकारणाऱ्याने यंत्राला नाव दिलं ते प्राण्याच्या अवयवाचं!

पुढची पन्नास वर्षं जर्मनांची. बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमाँने तारेचे हजारो वेढे स्वतः गुंडाळून इतकं नाजूक विद्युतमापक बनवलं, की नसेतून निरोप जाताना काटा हलताना दिसला. माणसाच्या जाड कातडीतून वीज नीट येईना, म्हणून त्याने स्वतःच्या हातांवर फोड आणून त्यांची सालं काढली. जिवंत शरीरात भौतिकी आणि रसायनाखेरीज वेगळी जीवनशक्ती वगैरे काही नाही, अशी शपथ त्याने तरुणपणी मित्राबरोबर घेतली होती. तोच माणूस १८७२ साली भर परिषदेत म्हणाला की अणूंच्या हालचालीतून जाणीव कशी उपजते हे आपल्याला कधीच कळणार नाही. नसेतली वीज डोळ्यांनी बघितलेल्याने हे म्हणावं, याला मी माघार समजत नाही. आपला काटा काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आणि हेल्महोल्ट्झ. माझा अंगठा ज्या रीतीने उडवला गेला ती त्याची. नसेला एकदा स्नायूजवळ झटका, एकदा लांबून. दोन वेळांतला फरक काढा, अंतराला भागा. त्याच्या गुरूंनी लिहून ठेवलं होतं की हा वेग मोजणं मानवाच्या आवाक्यातलं नाही. १८५० साली हेल्महोल्ट्झने बेडकाच्या नसेचा वेग काढला, सेकंदाला साधारण २७ मीटर. म्हणजे ताशी सत्त्याण्णव किलोमीटर. द्रुतगती मार्गावर कायदा पाळून चाललेली मोटार. इतका कमी! त्याच्या वडिलांना ते पटेना. विचार आणि त्याची शारीरिक कृती एकाच क्षणी घडतात असं ते मानत आलेले. मलाही त्या टेबलावर जरा ओशाळल्यासारखं झालं. मनात आलं आणि बोट हललं, यांच्या मध्ये एक रस्ता आहे, त्याला लांबी आहे, आणि माझ्या बाबतीत त्यावर वाहतुकीची कोंडीही आहे.

तर वीज आहे, ती वाहते, तिला वेग आहे, इथपर्यंत आलं. पण वीज येते कुठून? इथे १९०२ साल. त्या एकाच वर्षात, एकाच जर्मन नियतकालिकात दोन निबंध आले. एक युलियुस बर्नस्टाइनचा. त्याने सांगितलं की पेशीभोवती पडदा आहे, तो पोटॅशियमला जाऊ देतो, बाकीच्यांना अडवतो, आणि त्यामुळे आत-बाहेर विजेचा फरक राहतो. निरोप जाताना तो पडदा क्षणभर फाटल्यासारखा होतो आणि फरक पुसला जातो. सुबक सिद्धांत, बराचसा खरा. तो गाजला.

दुसरा निबंध अर्नेस्ट ओव्हरटनचा. त्याने बेडकाचा स्नायू उसाच्या साखरेच्या पाण्यात ठेवला. पाण्याचा दाट-पातळपणा स्नायूला मानवेल असाच, फक्त मीठ नाही. स्नायू हळूहळू मंद झाला आणि शेवटी कसल्याही झटक्याला उत्तर देईना. मेला म्हणावं, तर तेही नाही. पाण्यात थोडंसं मीठ घातलं की तो पुन्हा पहिल्यासारखा आवळू लागायचा. ओव्हरटनने अंदाज बांधला: निरोप जातो तेव्हा बाहेरचं सोडियम आत शिरत असावं आणि आतलं पोटॅशियम बाहेर पडत असावं. मग तो स्वतःच अडला. हृदय जन्मभर आवळतं. सत्तर वर्षांत अडीचशे कोटींच्या वर ठोके. प्रत्येक ठोक्याला चिमूटभर सोडियम आत जात असेल, तर म्हाताऱ्या माणसाचं हृदय आतून खारट का होत नाही? कोणीतरी ते मीठ परत बाहेर टाकत असणार. कोण, हे त्याला सांगता आलं नाही, आणि त्याचं म्हणणं सत्तेचाळीस वर्षं तसंच पडून राहिलं.

का पडून राहिलं? माझं आपलं मत: साखरपाणी आणि मीठ हा फार घरगुती प्रयोग आहे. चमच्याने होतो. शंभर वर्षं प्राण्यातल्या विजेचा शोध घेणाऱ्या पंडितांना उत्तरही तोलामोलाचं हवं होतं. ते स्वयंपाकघरातल्या सटात असेल हे मानायला मन धजेना.

उत्तराला शेवटी समुद्रच लागला. माकूळ नावाचा जो समुद्रजीव आपल्या कोकणात तळून खातात, त्याच्या अंगात एक नस अर्धा-एक मिलिमीटर जाडीची असते, डोळ्यांना दिसणारी. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोघा तरुणांनी तिच्या आत काचेची बारीक नळी सरकवली आणि पहिल्यांदाच जिवंत नसेच्या आतून वीज मोजली. निरोप जाताना फरक शून्यावर येऊन थांबला नाही. तो शून्य ओलांडून उलटा झाला. बर्नस्टाइनच्या सिद्धांतात हे बसत नव्हतं. काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं. कारण न सांगता दोघांनी 'नेचर'मध्ये छोटं टिपण दिलं; एक रडारच्या कामाला लागला, दुसरा तोफांच्या नेमबाजीच्या गणिताला. हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी माकळाच्या नसेभोवतीचं समुद्राचं पाणी साखरेच्या पाण्याने पातळ करून दाखवलं की मीठ जितकं कमी, विजेची उसळी तितकी बुटकी, तेव्हा १९४९ उजाडलं होतं. ओव्हरटन १९३३ सालीच वारला होता.

१९५२ साली हॉजकिन-हक्सलींनी या सगळ्याची समीकरणं मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा काही महिने बंद होता, म्हणून हक्सलीने हाताने फिरवायच्या यंत्रावर तीन आठवडे दांडा फिरवून एका निरोपाचं गणित सोडवलं. नसेला जे करायला एक-दोन मिलिसेकंद लागतात, त्याला माणसाचे तीन आठवडे. दोघांना १९६३ चं नोबेल मिळालं. ओव्हरटनचं 'कोणीतरी' १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्काउला खेकड्याच्या नसांत सापडलं. पडद्यात बसलेलं एक प्रथिन. ते तीन सोडियम बाहेर टाकतं, दोन पोटॅशियम आत ओढतं, पुन्हा तीन, पुन्हा दोन. गळक्या होडीतलं पाणी कोळी उपसतो तसा हा उपसा, अहोरात्र. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के. तो शरीराची वीस टक्के ऊर्जा खातो, आणि तिचा फार मोठा भाग या उपशावर जातो.

पडद्याच्या अलीकडे-पलीकडे फरक किती? सत्तर मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा चौदावा हिस्सा. ऐकायला क्षुल्लक. पण पडदा मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ. त्या जाडीला भागलं तर मीटरला एक कोटी व्होल्ट इतका ताण निघतो. आकाशात वीज पडायला हवेला मीटरमागे साधारण तीस लाख पुरतात.

मामांच्या तंगडीचं आता कळतं. बेडूक गेला होता, पण त्याच्या पेशींनी मीठ बाहेर उपसून जे भांडवल जमवलं होतं ते अजून खर्च झालं नव्हतं. वर चिमूट पडली, तोल ढळला, आणि शिल्लक होती तेवढ्यावर स्नायू आवळले. गॅल्व्हानीच्या कठड्यावरच्या तंगड्याही अशाच उधारीवर उडत होत्या. त्या जिवंत होत्या की मेलेल्या, या प्रश्नाचं उत्तर मला हो किंवा नाहीमध्ये देता येत नाही. उपसा थांबत आलेला, गळती संपायची असलेली, अशी ती मधली घटका.

कोकणातल्या बांधांवरचं लाजाळू यात कुठे बसतं, असं कोणी विचारील. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात याच लाजाळूवर आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली आणि ठासून सांगितलं की पान मिटताना झाडातूनही विजेचा निरोप जातो. लंडनमधल्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना दाद दिली नाही. वीज असल्याचं बोस यांचं म्हणणं टिकलं. धातूही असाच प्रतिसाद देतात, इथपर्यंत त्यांनी जी उडी मारली ती मात्र मला पटत नाही. मला आवडलेली गोष्ट वेगळीच. वनस्पतीची पेशी निरोप देते तेव्हा सोडियम वापरत नाही. तिच्यात कॅल्शियमच्या इशाऱ्यावर क्लोराइड बाहेर पडतं. मिठाचे दोन भाग, सोडियम आणि क्लोराइड. एक आपण घेतला, दुसरा झाडांनी.

वेग मोजून झाल्यावर मुलीने बारीक सुई काढली. "काकू, ही अंगठ्याच्या मुळाशी. थोडं टोचेल." सुई आत गेली आणि यंत्राचा स्पीकर खरखरला, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा. "अंगठा दाबा." पाऊस वाढला. माझं इतकं सगळं आत चाललेलं असतं आणि मला पत्ता नाही! केंब्रिजच्या एडगर एड्रियनने १९२८ च्या सुमारास एका भेकाच्या डोळ्याच्या नसेला असाच स्पीकर जोडला होता. खोली जवळजवळ अंधारी. स्पीकर मध्येच खरखरायचा, मध्येच गप्प व्हायचा. एड्रियनला कारण कळेना. मग त्याच्या लक्षात आलं की तो खोलीत इकडून तिकडे गेला की खरखर होते. भेक त्याला बघत होता. एवढ्या वर्षांत बेडकांच्या जातीकडे आपण बघितलं ते असं, पाय उडतो का एवढ्यापुरतं. त्यांच्या बाजूने आपण कसे दिसत असू, ते एकदा तरी ऐकू आलं.

"आता हात एकदम सैल सोडा," मुलगी म्हणाली. सोडला. स्पीकर गप्प झाला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. कोपरापासून मनगटापर्यंत नसेचा वेग सेकंदाला ५४ मीटर, म्हणजे ताशी एकशे चौऱ्याण्णव किलोमीटर, उत्तम. मनगटाच्या बोगद्यात शिरली की मात्र अडते, घाटात गाड्या तुंबतात तशी. शेरा, 'मध्यम'. रात्री पट्टा बांधून झोपायला सांगितलंय. पंधरा दिवसांत मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. डॉक्टरांनी मीठही कमी करायला सांगितलंय, पण ते रक्तदाबासाठी.